बंद दारांचा शेजार

नसलेल्या माणसांशी इतक्या निष्ठेने शेजारधर्म पाळणारे गृहस्थ साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच असतील, आणि ते नेमके माझे चुलतसासरे आहेत. हट्ट्याची शेती मुलावर सोपवून काकांनी हिंगोलीत नव्याकोऱ्या इमारतीत पहिला फ्लॅट घेतला. पहिला आणि आजवर शेवटचा. बाकीचे सगळे विक्रीला तसेच पडून. काकू गावातून हलेनात. "शेजार न्हाई तिथं मी येत न्हाई," एवढंच म्हणाल्या. मग काकांनी शेजारच मांडायला घेतला. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून बिल्डरने किल्ल्या त्यांच्याकडेच ठेवलेल्या. एका दारापुढे चपला, दुसऱ्यापुढे रांगोळी, कुणाच्या बाल्कनीत वाळत घातलेलं धोतर. घरचं वरण वाटीत घालून ते बंद दारापुढे ठेवत, आणि संध्याकाळी तीच वाटी साखर घालून आपल्याच घरी आणत. शेजारची वाटी रिकामी कशी परत येईल?

त्यांच्या समोरचा फ्लॅट घ्यावा म्हणून एका दुपारी मी पाहायला गेलो. दारापुढे चपला होत्या. "हळू बोला, जावईबापू," काका कुजबुजले. "गुरुजींचा डोळा लागला असंन." मी शहाण्याने त्या चपलांशेजारी माझ्या काढल्या आणि बंद दाराला नमस्कारही केला. काकांनी खिशातून किल्ली काढून तेच दार उघडलं. आत कोरा रंग, नळांना गुंडाळलेलं प्लास्टिक, आणि ओल्या सिमेंटचा गारवा.

"बाहेर गेले वाटतं," काका म्हणाले. हसले मात्र नाहीत.

तेवढ्यात डोक्यावर कुकरची शिट्टी झाली. मला हायसं वाटलं. म्हटलं, "चला, वर तरी खरी माणसं आहेत."

काका छताकडे बघत राहिले. "वर तं मी अजून कोणालाच ठेवलं न्हाई."

जिना मी कसा उतरलो ते विचारू नका. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा कळलं, पायांत गुरुजींच्या चपला होत्या.

फ्लॅट नको म्हणून फोन केला, तर काका खुशीत. "शिट्टी रोज व्हते. काल तुमच्या काकूला फोनवर ऐकवली. येऊन राहिली ती."

काकू आल्या, रमल्याही. परवा त्यांचाच फोन आला. वरची बाई गुणाची आहे, खिडकीतून लोणच्याचं विचारते, फक्त खाली येत नाही. मग आवाज उतरला. "तुमी दोघं या ना समोर राहायला. एखादं दिसणारं माणूस बी असावं शेजारी."

तेवढ्यात त्यांच्या मागून काकांचा आवाज आला, "ठेव तो फोन. ये, आपण दोघंच जेवून घेऊ."