कालवं फोडणारी बुन-रे

कोरियातल्या तोंगयंग बंदरावर कालवं फोडणाऱ्या बायका बुन-रेच्या जिभेला टरकून असत. नवरा समुद्रात बुडाला, त्या हिवाळ्यातही ती कामाच्या शेडवर आली आणि डोळे पुसणाऱ्या बायकांना म्हणाली, "हात चालवा."

पोटातला कॅन्सर पसरला, उपाय संपले, तेव्हा मुलगी मि-सुकने तिला शेवटच्या टप्प्यातल्या आजाऱ्यांच्या वॉर्डात आणलं. तिथे बुन-रे अगदी गुणी पेशंट झाली. कण्हणं नाही, मागणं नाही. शेडवरच्या मैत्रिणी भेटायला आल्या, तर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"आई निवांत झालीय," मि-सुक हा नावाच्या नर्सला म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा भांडत नाहीये."

नर्सला ते खटकलं. भूक आणि झोप तर आजारानेच नेली होती. त्यांवरून मनाचं काही कळणार नव्हतं. तिने स्टूल ओढलं आणि सरळ विचारलं.

"आजी, हल्ली मन सारखं उदास असतं का?"

"मरायला टेकलेल्या बाईला काय विचारतेस गं हे?"

"इथे सगळ्यांनाच विचारते. कशात मन लागतं का?"

बुन-रे भिंतीकडून तिच्याकडे वळली. दुखतं किती, हे रोज विचारत. हे कुणी विचारलं नव्हतं.

"काल नातीचा फोन आला," ती म्हणाली. "हातातच होता. घ्यावासा वाटला नाही. मी नुसती पोरीच्या गळ्यात पडलेय."

"जीव द्यावासा वाटतो?"

"नाही. सकाळी डोळे उघडू नयेत, एवढंच."

डॉक्टर त्याच दिवशी आल्या. मरणाचं दुःख वेगळं, हा नैराश्याचा आजार वेगळा, याला औषध आहे, असं त्यांनी समजावलं.

"आता शेवटी आणखी गोळ्या कशाला?" मि-सुक कुरकुरली.

"देऊ देत गं," बुन-रे म्हणाली. "फोन घेता आला तर बघू."

आधी नुसती गुंगी आली. नर्स रोज दुपारी येऊन बसे, कधी बोलत, कधी नुसतीच. मग एका सकाळी बुन-रेने सूपचा वाडगा सरकवला. "मीठ विसरले, की मीठवाला मेला?" मि-सुक हसली आणि बाहेर जाऊन रडली.

सगळं मळभ गेलं नाही. काही दिवस भिंतीकडेच जात. पण सोलहून नात आली, तेव्हा तिच्या मित्राचा फोटो बुन-रेने डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"कान बरे आहेत. बाकीचं तू बघ."

हिवाळा सरता सरता ती गेली. नात तिचे केस विंचरत होती.