कापलेली मडगार्डं

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ वाशीमच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेलं. काळ्या मातीच्या चिखलात चाकं रुतली आणि चार बैल लावूनही वेळेत निघाली नाहीत. दुसऱ्या खेपेला तिचे दिवस भादव्यात भरणार होते. या वेळी तिला मोटारीनं वाशीमला आणतो, असं मी घरात सांगून टाकलं. बोलायला माझं काय जात होतं? महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेला माझा छोटा ट्रक पावसाळ्यात दर फर्लांगाला पोट टेकून बसायचा.

आमच्या गल्लीत बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणारे एक लोहारचाचा होते. ट्रकाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "पोट उचलू, चाकं मोठे लावू. दुसरं काय करतं?"

लष्करी भंगारातून मी मोठे टायर चाकांसकट आणले. चाचांनी गाडीचा भार झेलणारे कमानपाटे आणि चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून लांब बोल्टांनी आवळले. गाडी तीन बोटं उचलली गेली. मागची मडगार्डं थोडी कापू, असं ते म्हणाले, पण मी हात लावू देईना. मडगार्डांना हिरवा रंग मी स्वतः दिला होता आणि त्याचा मला नको तेवढा तोरा होता. चाचांनी टायरच्या वर बोटं घालून पाहिली. "दोन बोटं फट हाये. राहू दे मंग." जन्मभर त्यांनी बैलगाड्या मोजल्या होत्या, आणि बैलगाडी रिकामी असो की भरलेली, तिची उंची तीच राहते. ओझ्यानं कमानी दबतात, हे दोघांनाही सुचलं नाही.

रिकामा ट्रक चिखल तुडवत बहिणीच्या सासरी पोचला तेव्हा ऐटीत मी कुणाशी सरळ बोलत नव्हतो. बहीण आणि तिची सासू पुढं बसल्या. बाळंतपणाला निघालेल्या सुनेला शिवेपर्यंत पोचवायला गल्लीतल्या बायका मागं चढल्या. गाडी हलली आणि जळक्या रबराचा वास आला. बायकांना उतरवलं, तरी खड्डा आला की टायर मडगार्डाला घासायचेच. वाटेत टायर फाटला असता तर सगळंच संपलं असतं.

"बैलगाडी जुपू का?" सासूनं विचारलं.

"बैलगाडीत मी नाई बसत," बहीण म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

मी गावातून छिन्नी-हातोडा मागून आणला आणि दोन्ही मडगार्डं स्वतःच्या हातानं कापली. लाज माझी मलाच वाटत होती. कशासाठी जपली होती ती?

वाटेतल्या नाल्यापाशी बहिणीनं डोळे गच्च मिटले. तिची बैलगाडी इथंच रुतली होती. मी गाडी थांबवली नाही. बरंच पुढं गेल्यावर तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "दादा, नाला कवा येते?"

"मांगं गेला, बाई."

तेव्हा ती रडली. पहिल्या बाळाच्या वेळी ती रडली नव्हती. चार दिवसांनी वाशीमात तिला मुलगी झाली.