खंडेनवमीला झाऱ्याशेजारी

समस्त सज्जनांस कळवण्यात येते की, आमच्या महाविद्यालयाच्या इतिहासातली सर्वांत गंभीर घटना कँटीनच्या झाऱ्याशेजारी घडली. उभे असाल तर बसून घ्या.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. हत्यार म्हणजे ज्याचं पोट ज्यावर चालतं ते. ग्रंथपाल शिक्का आणतात, शिपाईकाका घंटेचा हातोडा, खेळाचे सर शिट्टी आणि कँटीनच्या मावशी वडे तळायचा झारा. मी जीवशास्त्राचा मास्तर, म्हणून माझा सूक्ष्मदर्शक. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. या पूजेवर माझा फार जीव. झारा आणि सूक्ष्मदर्शक एका चादरीवर वर्षातून एकदाच बसतात.

झेंडू वाहून होत होते तेवढ्यात संस्थेचे एक संचालक आले. रेवसपासून बोर्ली पंचतनपर्यंत ओळखी, बोलणं गोड, सफारी ढगळ.

"आमचं पण ठेवा की, सर," म्हणाले. सफारी वर केली, कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि झाऱ्याशेजारी ठेवलं.

मावशींनी आधी झारा उचलला. मग स्वतः मागे सरल्या.

"खरं हाय?"

"लायसनचं हाय, मावशी. जमिनीचे व्यवहार, मांडव्याला येणं-जाणं. जवळ असलेलं बरं."

"कॉलेजात पण?" मी विचारलं.

"रोज असतं, सर. तुम्हाला कधी दिसलं? न्हाय ना? मग!"

ते हसले. संचालक हसले की हसायचं, या सवयीने शिपाईकाकाही हसले. मी मात्र मनात एकेक दिवस मागे जात राहिलो आणि सोमवारपाशी येऊन गार पडलो.

सोमवारी तक्रार समितीपुढे माझ्या वर्गातली एक मुलगी बोलली होती. आतल्या गावातली, बौद्ध कुटुंबातली, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. वर्गातला एक मुलगा तिने हाताळलेला सूक्ष्मदर्शक सगळ्यांदेखत पुसून घ्यायचा आणि वर तिची जात काढायचा. हा मुलगा म्हणजे संचालकांचा पुतण्या. तरीही समितीवर संस्थेचे प्रतिनिधी कोण, तर हेच काका! तिच्यापासून दोन हातांवर, याच ढगळ सफारीत बसले होते. ती अडखळली तेव्हा "बिनधास्त बोल, पोरी," असं तेच म्हणाले होते. आणि मी? मी नाटकात शोभेल असा हात फिरवून म्हणालो होतो, "घाबरतेस कशाला? इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

टाइप केलेल्या जबाबावर तिची सही आज व्हायची होती. नाही झाली तर तक्रार निकालात.

मी दाराकडे पाहिलं. ती तिथेच उभी होती, हातात जबाबाचा कागद. किती वेळ उभी होती, देव जाणे. चेहऱ्यावरून एवढं कळत होतं की सफारी वर जाताना तिने पाहिली होती.

"ये, बाळ, प्रसाद घे," संचालक म्हणाले.

तिने सही केली, हे आधीच सांगून टाकतो. एरवी ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायला मला फार आवडतं, पण या गोष्टीत ते करवत नाही. ती आत आली. माझ्याकडे पेन मागितलं. टोपणही तिनेच काढलं. मावशींनी झारा उचलल्यामुळे जी जागा रिकामी झाली होती, तिथेच तिने कागद ठेवला आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली.

पेन परत दिलं. एकदा त्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, एकदा संचालकांच्या कमरेकडे. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

"सर, सोमवारी मी बोलत होते तेव्हा ह्या रिव्हॉल्व्हरचं तोंड कुणाकडे होतं?"