अकरा मिनिटांचं गाणं

सीताबर्डीच्या एका बोळात स्पीकर दुरुस्त करणारे एक काका बसतात. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर ते एकाच गाण्यावर तपासतात. नागपूरच्याच एका रॉक बँडचं ते जुनं, करकरणारं, अकरा मिनिटांचं गाणं. हा बँड आता तीन मिनिटांची गोड गाणी करतो आणि ती लग्नांतही वाजतात. मला ती आवडतात, हे मी काकांना तोंडावर सांगितलंय. ते चष्मा कपाळावर सरकवतात. "आवडू दे नं गा तुले. पण गोड गाण्यात फाटका स्पीकरही चांगलाच वाजते."

गेल्या आठवड्यात त्या बँडचा गिटारवाला स्वतःच आपला बिघडलेला ॲम्प घेऊन आला. काम झाल्यावर काकांनी नेहमीचंच गाणं लावलं. तो ओशाळला. "काका, नवीन लावा नं. हे आता कोण ऐकते?"

"मी ऐकून राहिलो नं."

त्यांनी आवाज वाढवला आणि ॲम्पवर हात ठेवला. अकरा मिनिटं संपेपर्यंत तो हात हलला नाही, आणि गिटारवाल्याला आपलंच गाणं सोडून जाता आलं नाही.