वऱ्हाडाला मुंबई सांगणारे शिदूतात्या

गावातली मुलगी मुंबईला द्यायची ठरली की वऱ्हाडातली मंडळी आधी ग्रामदैवताला नारळ फोडत आणि मग शिदू हवालदारांच्या ओट्यावर येऊन बसत. तात्या पलटणीत असताना काही वर्षं कुलाब्याला होते. सातारा आणि सांगली यांच्या हद्दीवरच्या आमच्या गावाला मुंबईचा एवढा जाणकार पुरेसा होता. तंबाखू मळता मळता तात्या समोरच्या मंडळींकडे नवे रंगरूट पाहावेत तसे पाहत आणि मग शहर उलगडत.

"गेटवे बघाय जाऊ नका. नुसतं दार हाय. मागं वाडा न्हाई."

"समुद्र सकाळचा बघावा. दुपारच्याला त्यो मागं सरकतो, मग चिखुल बघून माघारी या." भरती-ओहोटीसुद्धा पलटणीच्या हजेरीच्या वेळा पाळते, अशी त्यांची खात्री होती.

"इराण्याच्या हाटेलात बसल्या बसल्या पानी मागू नका. गावचं म्हनून वळकत्यात."

"आन् न्हाई मागितलं तर?" कोणीतरी विचारी.

"तरीबी वळकत्यात. पर त्यास्नी जरा येळ लागतो."

म्हातारीचा बूट मात्र पाहायलाच हवा होता. "बूट बघा आन् मनातल्या मनात म्हातारीचा अंदाज करा," असं ते गंभीरपणे सांगत. दादरला जायचं तर ट्रामने जा, हा त्यांचा आवडता सल्ला. ट्राम बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. परत आलेली मंडळी तक्रार करत, "तात्या, ट्राम काय आली न्हाई." तात्या शांतपणे म्हणत, "तुमी भलत्याच रस्त्याला उभं ऱ्हायला आसाल." मुंबईत बदल झाले असतील, पण तात्यांची चूक झाली असेल, ही शक्यता त्यांनी कधी विचारात घेतली नाही. गावानेही घेतली नाही. ट्राम न मिळालेली माणसंसुद्धा पुढच्या लग्नाच्या वेळी पुन्हा त्यांच्याच ओट्यावर येत.

माझ्या बहिणीचं, सुमनचं, लग्न मुंबईत ठरलं तेव्हा वडील जाऊन बराच काळ झाला होता. घरात कर्ता मी, गावचा शाळामास्तर, आणि माझ्यावर कर्ते आमचे आबामामा. तिच्या दोन सोयरिकी आधीच मोडल्या होत्या, तेव्हा ही तिसरी टिकणं गरजेचं होतं. मुलाचे वडील पुढारलेल्या विचारांचे. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांनी मानपान ही जुनाट चाल असल्याचं एक छोटं भाषण केलं आणि आबामामांच्या हातावर टॉवेल-टोपी ठेवली. स्कूटरची अपेक्षा मात्र त्यांनी तशीच ठेवली. स्कूटर नवी असल्यामुळे ती बहुधा जुनाट चालींत मोडत नसावी.

आमच्याकडे मुलीच्या मामाचा मान फेट्याचा. टॉवेल-टोपी कोणालाही देतात. मामांनी तिथे तोंडातून शब्द काढला नाही, पण घरी येताच जाहीर केलं, "अक्षता पडायच्या आदी भर मांडवात फेटा मागनार. व्याह्यानं सोताच्या हातानं बांधला तर ठीक. न्हाईतर पोरीला हाताला धरून माघारी आननार." हे ते बोलण्यापुरतं बोलत नव्हते. स्वतःच्या चुलत पुतणीला त्यांनी असंच भरल्या मांडवातून माघारी आणलं होतं आणि ती गोष्ट ते अभिमानाने सांगत. फेटा मी आणतो, तुम्ही फक्त बांधा, असं मी व्याह्यांना विनवून पाहिलं. "प्रश्न फेट्याचा नाही, तत्त्वाचा आहे," ते म्हणाले. दोन्हीकडे तत्त्वं होती आणि मधे माझी बहीण होती.

लग्नाच्या सकाळी एस.टी.ची स्पेशल गाडी परळच्या कार्यालयासमोर थांबली. मुहूर्त गोरज. मी तात्यांना बाजूला घेतलं.

"तात्या, मामांना मुंबई दाखवायला न्या. अक्षता पडेपर्यंत परत आणू नका."

"म्हंजी मी रस्ता चुकायचा?"

"हो."

तात्यांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. "मला, मुंबैत, रस्ता चुकाय लावतोस व्हय रं." मग विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?"

"नाही."

"मग नगं सांगूस. आन् ह्ये बघ, माघारी आलो की तूबी मला चार शब्द बोल. तू गप ऱ्हायलास तर मामाच्या ध्येनात यील."

जेवणं झाल्यावर दोघे निघाले. मामा खुशीत होते. गोरज मुहूर्ताला मामांच्या जागी एक चुलतमामा सुमनच्या मागे उभे राहिले, अक्षता पडल्या, आणि सगळं आटोपल्यावर ते दोघे घामाने निथळत दारात आले. भलत्याच नंबरची बस पकडून तात्यांनी मामांना पार ट्रॉम्बेपर्यंत फिरवून आणलं होतं.

मामांनी तात्यांची सात पिढ्यांपर्यंत आठवण काढली. तात्या मान खाली घालून म्हणाले, "चुकलो." तो शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कोणी ऐकला नव्हता. मग माझी पाळी आली. ठरल्याप्रमाणे मी चार शब्द बोलायचे होते. मी चारावर थांबलो नाही. "ज्याला बसचा नंबर वाचता येत नाही त्याने गावाला मुंबई शिकवू नये. कुलाब्याला पहारा दिला की भांडी घासली, कोणास ठाऊक." लोक हसले. लोक हसतात हे पाहून मला आणखी सुचलं, आणि तेही मी बोललो. तात्यांनी एकदाच वर पाहिलं.

व्याह्यांनी लगबगीने पुढे येऊन मामांची समजूत काढली. कुठूनसा एक फेटा पैदा केला आणि स्वतःच्या हाताने बांधला. सून आणि स्कूटर दोन्ही पदरात पडल्यावर तत्त्व थोडं सैल करायला हरकत नव्हती. सुमनचा संसार उत्तम झाला. मामांना मान मिळाला. मला जबाबदार भाऊ म्हणून शाबासकी मिळाली.

गावाने माझं वाक्य जपून घरी आणलं. त्यानंतर मुंबईला निघालेली मंडळी तात्यांच्या ओट्यावरून पुढे जात आणि जाता जाता हाक देत, "तात्या, मुंबैला चाललोय. तुमी हितंच थांबा, न्हाईतर चुकाल." सुरुवातीला तात्या हसत. पुढे ते मागच्या दारी बसू लागले. मुंबईचा विषय निघाला की उठून गोठ्यात जात.

एकदा मी गोठ्यात जाऊन म्हटलं, "तात्या, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो."

ते म्हशीला वैरण घालत होते. "मामाला काय सांगनार? तुझ्या आईला त्येवढा एकच भाऊ हाय. तिचं म्हायेर तुटंल. त्यो हाय तवर गप ऱ्हा."

इतक्या सोप्या परवानगीची मी वाटच पाहत असलो पाहिजे. मी पुन्हा विषय काढला नाही. मामांची प्रकृती दणकट होती. तात्या त्यांच्या कितीतरी आधी गेले. मग आई गेली. मामाही आता गेले आहेत, आणि सुमनला मी गेल्या महिन्यात फोनवर सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, तात्यांच्या घरी आता कोण असतं. कोणी नसतं.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी नदीवर राख सावडून झाली की चार माणसं उठून गेलेल्या माणसाविषयी बोलतात. तात्यांच्या वेळी आबामामा खास तासगावहून आले होते. ते उठले. "हवालदार लय मोठा मानूस," ते म्हणाले, "पर मुंबैत त्येनं मला ट्रॉम्बेला नेला, ह्ये मी मेलो तरी इसरनार न्हाई." नदीवर, राखेसमोर, लोक हसले. मग सरपंचांनी माझ्याकडे बोट केलं. "गुरुजी, तुमी बोला. तुमी तवा तितं व्हता."

मी उठलो. मामा हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहत होते.

"मामांनी सांगितलं, त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.