डबल बास थांबला तेव्हा

कार्यक्रम संपला की आई विंगेत येते आणि दरवेळी तेच विचारते, "तुझं कधी वाजलं गं?"

मी पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बास वाजवते. माझ्याहून उंच असलेलं हे वाद्य जिन्यांवरून वाहून माझा खांदा कायम दुखतो, रिक्षावाले ते बघूनच पुढे निघून जातात, आणि इतकं करून घरच्या माणसालाही ते ऐकू येत नाही. "सगळा वेळ वाजत होतं, आई," हे सांगून सांगून मी कंटाळले आहे. खालचे सूर असतातच तसे. बाकीची वाद्यं त्यांच्यावर उभी राहतात आणि टाळ्या व्हायोलिनला पडतात.

काल एका संथ रचनेत मला बराच वेळ थांबायचं होतं. गज खाली घेऊन मी प्रेक्षकांत पाहिलं. पर्समध्ये काहीतरी शोधत बसलेली आई दचकून वर बघत होती.

नंतर विंगेत आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "मध्येच का थांबलीस? केवढं रिकामं वाटायला लागलं."

"तिथे थांबायचंच असतं, आई," मी वैतागूनच म्हणाले. पण जिना उतरताना पहिल्यांदाच वाद्याची एक बाजू तिला धरू दिली.