बर्फातला कोंबडा

आमच्या शेजारचा म्हातारा पलटणीत असताना इंग्रज साहेबाबरोबर हिमालयात शिकारीला जाऊन आला होता. तिथल्या बर्फातल्या कोंबड्यानं त्याचं डोकं खाल्लं होतं आणि तो आमचं खाई. रोज पहाटे कुंपणापलीकडून तो त्या कोंबड्याची शीळ घाली. कोणी तितराचं नाव काढलं की सुरू, “ते काय पाखरू हाय व्हय? आमचा कोंबडा मुळं उकरत पायी डोंगर चढतो. उतरताना मात्र पंख पसरून दरीत झोकून देतो. फडफड न्हाई.”

एकदा सासरे येणार म्हणून मी पारध्याकडून जिवंत तितर आणला. म्हातारा, “तरंगणं दाखवतो,” म्हणत तो घेऊन माळवदावर चढला आणि पंखांची दोरी सोडली. तितर फडफडत हळदीच्या शेतात गेला तो गेलाच.

“याला जमत न्हाई,” म्हातारा शांतपणे म्हणाला.

सासऱ्यांपुढे पिठलं आलं. म्हातारा न बोलावता पंगतीला होताच.

“तुमचा कोंबडा चवीला कसा लागतो?” सासऱ्यांनी विचारलं.

“खाल्ला न्हाई कधी. साहेब मारायचा, मी उचलून आणायचो. तंबूपर्यंत त्याचं अंग हातात ऊनच राहायचं.”

मी चरफडतच त्याला आणखी पिठलं वाढलं.